विसरण्याचा तपास

पंचवीस-तीस वर्षं गौरीजेवणाचा सगळा स्वयंपाक एकहाती काढणाऱ्या बाई एका वर्षी ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहतात. पुरणाची डाळ शिजून गार झालेली, कणीक अजून भिजवलेली नाही, अळूची पानं तशीच पडलेली. घरचे म्हणतात, दमल्या असतील. पुढच्या वर्षी सूनबाई म्हणते, "आई, तुम्ही बसून नुसतं सांगा." त्याच्या पुढच्या वर्षी पुरणपोळ्या बाहेरून येतात. तीन वर्षं अशी सरतात, आणि आजार हा शब्द घरात कुणाच्या तोंडून निघत नाही.

आपल्याकडे डिमेन्शिया बहुतेक वेळा असाच शिरतो, घरच्यांच्या चांगुलपणाच्या आडून. वडीलधाऱ्यांच्या हातातलं एकेक काम आपण मायेनं काढून घेतो, त्यामुळे ते काम त्यांना जमेनासं झालंय हे कुणाला दिसतच नाही. शिवाय 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण हाताशी असतेच. साठीपुढच्या साधारण ८८ लाख भारतीयांना, म्हणजे शंभरांतल्या सात-साडेसात जणांना, डिमेन्शिया असावा असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे. उरलेल्या ब्याण्णव जणांना तो नाही, हेही त्याच आकड्यात आहे. म्हणीचा भरवसा तेवढ्यापुरताच.

शंका येण्यापासून निदान हाती पडेपर्यंत काय काय होतं आणि कुठे घोटाळे होतात, ते क्रमानं पाहू.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. 'त्यांना डिमेन्शिया आहे की अल्झायमर?' असा प्रश्न पुष्कळदा कानावर येतो. तो 'ताप आहे की मलेरिया?' असं विचारण्यासारखा आहे. डिमेन्शिया हे अवस्थेचं नाव. स्मरण, भाषा, हिशेब, दिशा, तारतम्य यांतल्या एकाहून अधिक गोष्टी पूर्वीपेक्षा इतक्या घसरल्या की रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतःला करता येईनात, तर त्या अवस्थेला डिमेन्शिया म्हणतात. ती आणणारे आजार अनेक, आणि अल्झायमर हा त्यांतला सर्वांत मोठा. शंभरांतल्या साठ ते सत्तर रुग्णांत त्याचा हात असतो. मराठीत आपण 'स्मृतिभ्रंश' म्हणतो खरं, पण त्या शब्दामुळे सगळं लक्ष विसरण्याकडेच जातं. काहींच्या बाबतीत विसरणं फार उशिरा येतं, स्वभाव आधी बदलतो.

अल्झायमरमध्ये मेंदूत नेमकं काय बिघडतं? ॲमिलॉइड नावाचं प्रथिन पेशींच्या बाहेर साचून त्याचे थर बनतात, आणि टाऊ नावाचं दुसरं प्रथिन पेशींच्या आत गुंतवळासारखं अडकतं. पेशी हळूहळू मरतात. हे साचणं पहिल्या लक्षणाच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेलं असतं. म्हणजे सत्तराव्या वर्षी ज्या बाई गौरीपुढे थबकल्या, त्यांच्या मेंदूत पन्नाशीतच काहीतरी चालू झालं होतं.

यात लवकर मार बसतो तो हिप्पोकॅम्पस या भागाला. कानशिलांच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे तो असतो. सरकारी कचेरीतली आवकनोंदवही डोळ्यांपुढे आणा. नवा कागद आला की त्यात नोंद होते, मग तो योग्य फायलीत जातो. नोंदवहीचा कारकूनच गैरहजर राहू लागला, तर आज आलेला कागद गहाळ होणार. पण कपाटातल्या जुन्या फायली बरीच वर्षं जागच्या जागी राहणार.

पहिला मोठा घोटाळा इथेच होतो. "बाबांची स्मरणशक्ती उत्तम आहे हो, ७२च्या दुष्काळातलं सगळं सांगतात," असं मुलगा अभिमानानं सांगतो. ७२चा दुष्काळ ही जुनी फाईल. सकाळी नाश्त्याला काय खाल्लं, काल कोण येऊन गेलं, हे विचारून पाहायला हवं.

मग साधं विसरणं कोणतं? ओळखीच्या माणसाचं नाव ऐनवेळी न आठवणं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवणं, चष्मा कुठे ठेवला हे न आठवणं, आतल्या खोलीत कशाला आलो ते विसरणं, ही वयाची लक्षणं. विसरल्याचं त्या माणसाला कळतं आणि कुणी आठवण करून दिली की चटकन लागतं. आजारात प्रसंगच पुसला जातो. "काल नाही का आपण लग्नाला गेलो?" म्हटल्यावर "कुठल्या लग्नाला?" असं येतं. चष्मा हरवणं एक, चष्मा पिठाच्या डब्यात सापडणं दुसरं.

या दोहोंच्या मध्ये एक पायरी आहे. तिला डॉक्टर एमसीआय म्हणतात, म्हणजे सौम्य बोधक्षीणता. चाचणीत घसरण दिसते, पण बँक, स्वयंपाक, प्रवास हे माणूस थोडं जास्त कष्ट घेऊन का होईना, स्वतः निभावतो. स्मृती-दवाखान्यांत येणाऱ्या अशा लोकांपैकी दर वर्षी साधारण शंभरांतले दहा ते पंधरा पुढे डिमेन्शियात जातात. काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही चक्क पूर्ववत होतात. म्हणून ही चिठ्ठी मिळाली तर ती शिक्षा समजू नये. नजर ठेवायला मिळालेला वेळ समजावा.

आता प्रत्यक्ष काम. पहिलं काम दवाखान्यात होत नाही, घरात होतं: एक वही घालावी.

साधी शंभर पानी वही पुरते. तारीख, काय झालं, आणि पूर्वी ते कसं होत असे, एवढं तीन ओळींत लिहावं. 'विसरतात' असं लिहून उपयोग नाही. 'भाजीवाल्याला पाचशेची नोट दिली, सुटे न घेता निघाल्या. आधी दोन रुपयांसाठी भांडायच्या.' ही नोंद झाली. 'कुकरच्या शिट्ट्या मोजत नाहीत, दोनदा भात करपला.' 'नेहमीच्या देवळातून येताना उलट्या रस्त्याला लागले.' 'हयातीचा दाखला द्यायचा दोन वर्षं राहिला. पूर्वी एक नोव्हेंबरलाच बँकेत हजर असायचे.' 'फोनवर कुणी ओटीपी मागितला, देऊन टाकला.' पैशांच्या व्यवहारातली चूक पुष्कळदा फार लवकर दिसते, कारण त्यात स्मरण, हिशेब आणि तारतम्य अशा तिन्ही गोष्टी एकदम लागतात. सणाच्या स्वयंपाकाचंही तसंच. एक भाजी जमते. दहा पदार्थांचा क्रम लावणं जमत नाही.

आणखी तीन गोष्टी वहीत हव्यात. पहिली, हे सुरू कधी झालं: दिवसांत, महिन्यांत की वर्षांत? दुसरी, उतार हळूहळू आहे की पायरी-पायरीनं? तिसरी, दिवसभर सारखंच असतं की सकाळी बरं आणि संध्याकाळी भलतंच? आजार कुठला हे ठरवताना या तीन उत्तरांचा आधार पुष्कळदा महागड्या यंत्राहून जास्त होतो. हे मी उगीच म्हणत नाही.

ज्या डॉक्टरच्या नावानं हा आजार ओळखला जातो, त्या अलॉइस अल्झायमर यांच्या हातात १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात दुसरं काय होतं? पेन आणि कागद. औगुस्ट नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना ते रोज साधे प्रश्न विचारत आणि मिळतील ती उत्तरं तशीच उतरवून घेत. त्या नोंदींवर आणि १९०६ साली बाई गेल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या मेंदूवर पुढची सगळी इमारत उभी राहिली. त्यांनी सांगितलेलं या बाईंचं पहिलं ठळक लक्षण विसरण्याचं नव्हतं: त्या नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या होत्या.

आपल्या घरांत तो संशय वेगळ्या रूपात येतो. "माझ्या पाटल्या हिनं उचलल्या." पाटल्या सासूबाईंनीच कुठे तरी गुंडाळून ठेवलेल्या असतात, ठेवल्याची नोंद मेंदूत झालेली नसते, आणि रिकाम्या जागेला मन काहीतरी कारण शोधतं. कारण म्हणून जवळचं माणूस सापडतं. अशा आरोपांवरून घरं फुटलेली मी पाहिली आहेत, आणि निदान मात्र त्यानंतर कैक महिन्यांनी झालं. आरोप नवा असेल, त्या माणसाच्या आजवरच्या स्वभावात बसत नसेल, तर तो भांडणात न नेता वहीत लिहावा.

दुसरं काम: कुणाकडे जायचं. सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून करावी, कारण त्यांना हा माणूस पूर्वी कसा होता ते ठाऊक असतं. पुढे मेंदूविकारतज्ज्ञ, म्हणजे न्यूरोलॉजिस्ट, किंवा मनोविकारतज्ज्ञ. मोठ्या शहरांत वार्धक्यतज्ज्ञ आणि काही मोठ्या रुग्णालयांत स्मृती-दवाखाने असतात. मनोविकारतज्ज्ञाचं नाव काढताच "आम्ही काय वेडे आहोत का?" असं ऐकावं लागेल. भर बैठकीत 'तुम्ही विसरता म्हणून चला' असं कुणालाही म्हणू नये. "बीपी-शुगरची वार्षिक तपासणी करून घेऊ, माझीही करतो," हे चालतं, आणि ते खोटंही नाही.

'मला काही झालेलं नाही,' हा हट्ट नसतो, हेही लक्षात ठेवावं. आपल्यात बिघाड झालाय हे ओळखणारा मेंदूचा भागच अनेकदा आजारात सापडलेला असतो. ज्याला स्वतःच्या विसरण्याची फार काळजी वाटते आणि जो एकटाच तपासायला येतो, त्याच्यामागे पुष्कळदा चिंता किंवा झोपेची तक्रार निघते. ज्याला घरचे ओढून आणतात, त्याच्याकडे डॉक्टर जरा जास्त निरखून पाहतात.

दवाखान्यात आपण डॉक्टरांशी पाच मिनिटं वेगळं बोलायची परवानगी मागावी. आजोबांच्या देखत त्यांच्या चुकांचा पाढा वाचणं क्रूरपणाचं होतं, आणि भिडेपोटी अर्धं सांगणं निरुपयोगी. वही डॉक्टरांच्या हातात ठेवली की दोन्ही अडचणी टळतात.

एक प्रसंग मात्र वहीसाठी थांबायचा नाही. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, रात्रभर जागा राहिला, क्षणात गुंगीत, क्षणात उठून धावू लागला, तर तो डिमेन्शिया नसून डिलिरियम असण्याची शक्यता फार. डिलिरियम म्हणजे तात्पुरता मेंदूगोंधळ. कारण शरीरात दुसरीकडे असतं: लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, शरीरातलं पाणी कमी होणं, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, नवी गोळी. ही तातडीची बाब आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आजींनी कुणाला ओळखलं नाही म्हणून 'आता संपलं' असं धरून बसलेली कुटुंबं असतात. मूळ कारण दूर झालं की पुष्कळजण सावरतात, थोडे दिवस किंवा आठवडे लागतात. मात्र ज्यांना डिलिरियम झाला, त्यांच्या स्मरणाची पुढे एकदा नीट तपासणी करून घ्यावी. आत दडलेला डिमेन्शिया पुष्कळदा असाच पहिल्यांदा डोकं वर काढतो.

तिसरं काम म्हणजे गोळ्यांची पिशवी. चिठ्ठ्या नकोत, पिशवीच न्यावी: चालू पाकिटं, अर्धवट पाकिटं, शेजारणीनं दिलेली झोपेची गोळी, दुकानातून आणलेलं सर्दीचं औषध, काढे, चूर्णं, सगळं. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या, जुन्या पद्धतीची सर्दी-खाजेची औषधं, वारंवार लघवी थांबवायची औषधं, हातापायांच्या कंपावरची काही औषधं, यांनी वयस्कर मेंदू मंदावतो. तीन वेगळ्या डॉक्टरांनी तीन वेगळ्या कारणांनी लिहिलेल्या गोळ्या एकाच पोटात एकत्र येतात, आणि ती बेरीज कुणीच केलेली नसते. अर्थात आपल्या मनानं एकदम काही बंद करू नये. काही गोळ्या हळूहळूच सोडवाव्या लागतात.

मग रक्त. हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, साखर, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि बी-१२ जीवनसत्त्व. गरजेनुसार एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणीही सांगतात. ती सांगितली म्हणून आजोबांच्या चारित्र्यावर शंका घेतली असं कुणी मनात आणू नये. हे दोन्ही संसर्ग मेंदूपर्यंत जाऊ शकतात, एवढाच अर्थ.

बी-१२वर थोडं थांबू. ते वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी घरांत ते कमी सापडतं. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोज सकाळची ॲसिडिटीची गोळी चालू असेल, तर ते आणखी खाली जातं. साधारण दोनशे पिकोग्रॅमच्या खाली असलं तर कमी धरतात. विसरण्याच्या जोडीला पायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, जीभ लाल-गुळगुळीत, असं असेल तर शंका बळावते. उपचार सोपा आहे आणि लवकर झाला तर फायदा होतो. घोटाळा पुढचा आहे. अहवालात बी-१२ कमी दिसलं की घरचे हुश्श करतात, इंजेक्शनं होतात, आकडा वर येतो, आणि तपास तिथेच थांबतो. बी-१२ची कमतरता आणि अल्झायमर एकाच माणसात सुखानं नांदू शकतात. आकडा सुधारूनही तीन-चार महिन्यांत वहीतल्या नोंदी बदलल्या नाहीत, तर पुढे जायलाच हवं. उपचारानं पूर्ण उलटणारी प्रकरणं एकूणात थोडीच असतात. पण ती कुणाची आहेत हे शोधल्याशिवाय कळत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

मनाचंही पाहावं लागतं. जोडीदार गेल्यावर, घर सुटल्यावर किंवा निवृत्तीनंतर येणारं नैराश्य म्हातारपणी रडण्याच्या रूपात येतंच असं नाही. ते 'काही लक्षात राहत नाही' या रूपात येतं. प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" असं थकलेलं उत्तर येतं. अल्झायमरचा माणूस बहुधा उत्तर देतो, चुकीचं देतो, आणि वर बायकोकडे वळून विचारतो, "काय गं, बरोबर ना?" नैराश्यावर उपचार आहेत. पण उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य ही कधी कधी डिमेन्शियाची नांदी असते, म्हणून बरं वाटल्यावरही पुन्हा तपासणी होते.

आता ज्याला घरचे 'ती परीक्षा' म्हणतात, ती बोधात्मक चाचणी. कागद, पेन्सिल आणि अर्धा तास. तीन किंवा पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारतात, तारीख-वार-ठिकाण विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, चित्र पाहून काढायला सांगतात, घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगतात. हे घड्याळ साधं वाटतं. पण वर्तुळात बारा आकडे नीट बसवायचे, 'दहा मिनिटं' ऐकून काटा दहावर न नेता दोनवर न्यायचा, यात नियोजन, जागेचं भान आणि स्वतःला आवरणं असं सगळं पणाला लागतं.

एक जुनी रूढ चाचणी एमएमएसई, १९७५ची. दुसरी मोका, २००५ची. दोन्ही तीस गुणांच्या. पहिलीत २४च्या खाली आणि दुसरीत २६च्या खाली गेलं तर शंका, असा सर्वसाधारण दंडक आहे. आणि आपल्या मुलखात हा दंडक जसाच्या तसा लावला तर अनर्थ होतो. चौथी शिकलेल्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या बाईंना पेन्सिल धरून घन काढायला सांगितला तर त्या चुकणारच. त्यात मेंदूचा दोष नाही. उलट गणिताचे प्राध्यापक आजार बराच पुढे गेला तरी २८ गुण घेऊन ऐटीत बाहेर येतात. आजींना इंग्रजी तारीख येत नाही, पण आज एकादशी आहे हे बिनचूक ठाऊक असतं. हा काळाचा बोधच झाला, आणि चांगला तपासनीस त्याला गुण देतो. हरयाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत नव्वदच्या दशकात संशोधकांनी हीच अडचण ओळखून निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी बसवली. त्याच कामातून रोजच्या वावराची एक प्रश्नावलीही निघाली, कारण आपल्या एकत्र कुटुंबांत म्हाताऱ्यांकडून फारसं काही करण्याची अपेक्षाच नसते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

म्हणून चाचणी आईच्या बोलीत व्हावी असा आग्रह आपण धरावा. मराठीतल्या आवृत्तीबद्दल विचारावं. किती इयत्ता झाल्या ते आपणहून सांगावं. चष्मा आणि कानाचं यंत्र बरोबर न्यावं, कानात मळ असेल तर आधी काढून घ्यावा. प्रश्नच ऐकू आला नाही तर उत्तर कुठून येणार? आणि चाचणी चालू असताना आपण गप्प बसावं. हे फार कठीण जातं. "बाबा, सांगा ना, आज मंगळवार ना?" असं म्हणणारा मुलगा प्रत्येक दवाखान्यात असतो. गुण बाबांना मिळतात, चाचणी वाया जाते. आदल्या रात्री मोबाइलवर शोधून घरी तालीम करवून घेणारेही असतात. त्याचाही परिणाम हाच.

यानंतर मेंदूचं छायाचित्र. सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढतात तो मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे पाहायला. न्हाणीघरात घसरून डोकं आपटलं, त्या वेळी काहीच वाटलं नाही, आणि चार-सहा आठवड्यांनी सुस्ती आणि गोंधळ सुरू झाला, तर कवटीखाली हळूहळू रक्त साचलेलं असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही शक्यता आणखी वाढते. ते काढता येतं. दुसरी एक अवस्था आहे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचण्याची. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा जाणं आणि मंदावलेली बुद्धी हे त्रिकूट दिसलं की डॉक्टर पाठीच्या कण्यातून थोडं पाणी काढून चाल सुधारते का ते पाहतात. सुधारली तर नळी बसवून पाण्याला वाट करून देता येते.

एमआरआयच्या अहवालातल्या इंग्रजीनं घाबरू नये. 'एज रिलेटेड सेरेब्रल ॲट्रॉफी', म्हणजे वयानुसार मेंदू थोडा आक्रसला आहे, हे सत्तरीच्या पुष्कळ ठणठणीत माणसांच्या अहवालात असतं. उलट, अहवाल नॉर्मल आला म्हणून डिमेन्शिया नाही असंही म्हणता येत नाही. ॲमिलॉइड दाखवणारा पेट स्कॅन महाग आहे आणि सगळ्यांना लागत नाही. ॲमिलॉइड-टाऊची खूण रक्तात शोधणाऱ्या एका चाचणीला अमेरिकेच्या औषध नियामकांनी मे २०२५मध्ये पहिल्यांदा परवानगी दिली, तीही ज्यांना लक्षणं आहेत आणि ज्यांची तज्ज्ञांकडून तपासणी चालू आहे अशांसाठी. धडधाकट माणसानं सहज करून पाहण्याची ती चाचणी नव्हे.

एवढं सगळं टेबलावर आलं की डॉक्टर वहीतल्या त्या तीन उत्तरांकडे परततात. हळूहळू, वर्षानुवर्षं, नवं काही न टिकणारं विसरणं: अल्झायमरकडे बोट. एकदम खाली, मग काही महिने तसंच, पुन्हा एकदम खाली, आणि सोबत रक्तदाब, मधुमेह किंवा अर्धांगाचा झटका: मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया. वयस्कर माणसांत हे दोन्ही एकत्र असणं फार नेहमीचं आहे.

एका दिवशी लख्ख, दुसऱ्या दिवशी गुंगीत; हालचाली मंद आणि ताठर; झोपेत हातपाय झाडणं; आणि कोपऱ्यात लहान मुलं किंवा जनावरं स्पष्ट दिसणं. हा लेवी बॉडी डिमेन्शिया. आपल्याकडे ही दिसणारी मुलं 'बाहेरची बाधा' ठरतात आणि सहा महिने देवऋषीकडे जातात. त्याहून मोठा धोका असा की भास थांबवायला दिलेल्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी हे रुग्ण एकदम लाकडासारखे ताठर होऊ शकतात, काही वेळा जिवावर बेतू शकतं. म्हणून भासांची गोष्ट लाजेपोटी लपवू नये, आणि गोळी सुरू होण्याआधीच सांगावी.

पंचेचाळीस ते पासष्टच्या वयात, स्मरण शाबूत असताना, माणूस तिऱ्हाइताला काहीबाही बोलू लागला, गोड अधाशासारखं खाऊ लागला, बायकोच्या आजारपणाचंही त्याला काही वाटेनासं झालं, तर ती फ्रंटोटेम्पोरल जात असू शकते. कपाळामागचा आणि कानशिलांमागचा मेंदू झिजतो. यातल्या कितीतरी जणांची वाट आधी वकिलाकडून जाते, मग डॉक्टरांकडे.

"मग मलाही होणार का?" हा प्रश्न मुलं दारात उभं राहून, चप्पल घालता घालता विचारतात. उतारवयातला बहुतेक अल्झायमर थेट वारशानं येत नाही. एपीओई-४ या जनुकानं धोका वाढतो, पण ते असूनही कित्येकांना काही होत नाही. एकाच जनुकातल्या दोषामुळे तिशी-चाळिशी-पन्नाशीत सुरू होणारी घराणी असतात, पण ती शंभरात एकाहूनही कमी. आपल्या हातातलं पुष्कळ आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली चौदा टाळता येण्याजोगी कारणं मांडली, आणि ती सगळी दूर झाली तर जगातले साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळतील किंवा लांबतील असा हिशेब केला. शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, अधू नजर, वाढलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, बैठं जगणं, तंबाखूचं धूम्रपान, अति दारू, नैराश्य, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण. चाळिशीत रक्तदाबाची गोळी 'सवय लागेल' म्हणून टाळणाऱ्यानं ही यादी पुन्हा वाचावी. मोतीबिंदूचं आणि कानाच्या यंत्राचं 'आता या वयात कशाला' म्हणून राहिलेलं काम याच यादीत येतं.

निदान सांगितलं गेलं की घरात कुजबुज सुरू होते: आईला सांगायचं की नाही? माझं मत, सुरुवातीची अवस्था असेल तर सांगावं, तिला पेलेल तेवढं, साध्या शब्दांत. "मेंदूच्या एका आजारामुळे लक्षात राहत नाही, तुझी चूक नाही," एवढ्यानंही पुष्कळांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. सध्याची नेहमीची औषधं, डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मीन, मेमँटीन, लक्षणं काही काळ थोडी सावरतात, आजार थांबवत नाहीत. ॲमिलॉइड काढणारी लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं अमेरिकेत अनुक्रमे २०२३ आणि २०२४ साली मान्य झाली. ती फक्त सुरुवातीच्या अवस्थेत, ॲमिलॉइड सिद्ध झालं असेल तरच देतात, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो.

सांगण्याचं दुसरंही कारण आहे. कागदपत्रं. मृत्युपत्र करायला मन थाऱ्यावर असावं लागतं. कुलमुखत्यारपत्र करून दिलंय म्हणून निर्धास्त राहणारे फसतात: ते देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यानुसार साधं कुलमुखत्यारपत्र संपुष्टात येतं, म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच. त्यानंतर आईच्या उपचारासाठी आईचेच पैसे काढायला पालक नेमून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी कुटुंबांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे. म्हणून बँकेतलं संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र आणि सोबत डॉक्टरांचा दाखला, हे पहिल्या काही महिन्यांतच उरकावं. ज्याचे कागद, त्याच्याशी बोलून.

निदान झालं त्याच आठवड्यात आणखी तीन कामं करावीत: खिशात नाव आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी किंवा गळ्यात बिल्ला, स्कूटरची किल्ली आपल्या ताब्यात, आणि गॅसच्या नळीचं बटण रात्री बंद. वडीलधाऱ्यांसाठीची १४५६७ ही शासकीय मदतवाहिनी आणि मनाच्या तक्रारींसाठीची टेलि-मानस १४४१६ फ्रिजवर लिहून ठेवावी. दुसरी सांभाळणाऱ्यासाठीही आहे.

पुढची भेट साधारण सहा महिन्यांनी असते. तेव्हा चाचणी पुन्हा होते. शक्य तर तीच, त्याच भाषेत, सकाळच्या ताज्या वेळी, म्हणजे आधीचे गुण आणि आताचे गुण शेजारी ठेवता येतात. वही भरली असेल तर नवी घ्यावी, आणि जुनीही बरोबर न्यावी.